दाऊद मास्तरांची नोंद

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुण्याहून फोन. राज्यशास्त्राचा नवा मराठी कोश होतो आहे, त्यात दाऊद मास्तरांवर हजार शब्दांची नोंद हवी, आणि ती मी लिहावी. मी विचारलं, मीच का? संपादकबाई, तेजस्वी नाव, आवाजावरून तिशीच्या आतल्या, म्हणाल्या, "सर, आम्ही आधी चौघांना विचारलं. दोघं मास्तरांचे भक्त निघाले, दोघं वैरी. तुमच्यावर मात्र दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चिडलेले आहेत."

इतकी वर्षं साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर लोकांना चिमटे काढले, त्याचं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

बायकोला, मथुरेला सांगितलं. ती म्हणाली, "तुमका कोणाबद्दल बरा लिवूक सांगल्यानी?"

"बरं नाही. निःपक्षपाती."

"म्हणजे बरा पण नाय नि वायट पण नाय. मगे वाचतलो कोण?"

१९ नोव्हेंबर

स्वतःलाच सोपं करून सांगतो, म्हणजे सुरुवात होईल.

मास्तर सुरूवाडीचे. तोंडवलीच्या अलीकडे ही किनाऱ्यावरची वाडी, घरं मोजकी, अर्धी हिंदू, अर्धी मुसलमान, सगळी मासेमारीवाली. मास्तर कोल्हापूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले नि वाडीत परत आले. २०११ साली गेले. ग्रंथ एकच, 'रापण आणि राज्य'. त्यात म्हणणं असं, की राज्य करारातून जन्मतं असं मोठमोठे सांगून गेले, पण तो करार कुणी पाहिलेला नाही. रापण मात्र आपण रोज पाहतो. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धं वर्तुळ काढते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं वाळूवरून ओढतात, आणि जाळं किनाऱ्याला लागायच्या आत ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीत वाटा. तू कुठला, कुणाचा, हे विचारायचं नाही. नागरिकत्व रक्तानं मिळत नाही, हातानं मिळतं.

वाचून चिडचिड झाली. चिमटा काढायला जागाच नाही.

मग जागा सापडली. २००३ साली सरकारनं समिती नेमली, मोठ्या यांत्रिक बोटींना परवाने द्यावेत की नाही यावर. मास्तर तिचे सदस्य. त्यांनी 'द्यावेत' म्हणून सही केली, किनाऱ्यापासून ठरावीक अंतराबाहेर. कारण दिलं की यंत्राची दोरी हीसुद्धा दोरीच, तिच्यावरच्या खलाशाचा हात परका कसा? रापणकरांनी ज्याला आपला म्हणून मिरवलं, त्यानंच बोटवाल्यांना दार उघडून दिलं.

भक्त म्हणतात सुसंगत, वैरी म्हणतात फितूर. मला या दोन शब्दांच्या मधे बसायचं आहे आणि तिथे खुर्ची नाही.

२२ नोव्हेंबर

पहिला खर्डा तेजस्वीबाईंनी परत पाठवला. विशेषणं सगळी उडवली होती. फोनवर म्हणाल्या, "सर, 'मास्तरांनी म्हणे राज्याचं कोडं सोडवलं' यातलं 'म्हणे' काढू या का?"

"त्या 'म्हणे'वर माझं घर चालतं, बाई."

"पण सर, नोंदीत आपण कुणाला हसत नाही. आणि निवाडाही देत नाही."

मग उरतं काय? दिवसभर बंदरावर फेऱ्या मारल्या. एका जागी बसवत नाही. विशेषणं नसलेलं वाक्य लिहिताना मला बाजारात विनाशर्टाचं फिरल्यासारखं वाटतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुरूवाडीला गेलो. मास्तरांची मुलगी सकिना तिथेच असते, साठीची, पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि जेवण. लग्न केलं नाही. जीभ माझ्यापेक्षा बारीक धारेची.

"येवा अजयभाऊ. तुमीच काय ते अब्बांका कोशात घालतलास? बसा. सोलकढी घेतलास काय?"

मी वही काढली. तिनं जन्मगाव, शिक्षण, सगळं नीट सांगितलं. मग वहीकडे बघून म्हणाली, "आता पुढला सांगतंय ता लिवू नकात हां."

मी प्रामाणिकपणे पेन खाली ठेवलं.

सही झाली ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रापणीला गेली. दोरी ओढू दिली, कुणी अडवलं नाही. मासळीचे वाटे वाळूवर मांडले, एकेका घराचं नाव हाकारलं, ज्यानं त्यानं आपला वाटा उचलला. तिच्या घराचं नाव आलंच नाही. "वाळू रिकामी होयसर उभी रवलंय. मगे घराक इलंय. तेच्यानंतर गेलंय नाय."

"नंतर कुणी बोलावलं नाही?"

"अब्बांच्या मयताक सगळे इले. खांदो देवक भांडले. वाट्याक कोण बोलवूक नाय."

मी म्हटलं, मासळी तर बाजारात मिळते. हे बोलायला नको होतं. तिनं अशी नजर टाकली की सोलकढी तोंडातच राहिली.

"मासळी कोणाक व्हयी? मी बांगडे इकत घेतंय नि पर्यटकांका घालतंय. माका माझ्या घराचा नाव त्या वाळवेर आयकूक व्हया. मराच्या आदी एकदा."

२५ नोव्हेंबर

सकिनाबायनं विश्वासानं सांगितलं. नोंदीत नाही जाणार. शब्द तो शब्द.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज सुरूवाडीत सत्यवान भेटला. रापणीचा म्होरक्या, सकिनाच्याच वयाचा, गुडघे दुखतात पण दोरीवर पहिला हात अजून त्याचाच. होडीला टेकून बसला होता. मी गाडी लावायच्या आत त्यानं विचारलं, "नोंद खंयसर इली रे?"

"तुम्हाला काय करायचीय नोंद, सत्यवानभाऊ?"

"आमका नाय तर कोणाक?"

आणि मग जे बाहेर आलं त्यानं मी वाळूवर बसलोच.

गेल्या वर्षी वाडीत विषय निघाला, की मास्तरांच्या घराचा वाटा परत सुरू करावा काय. अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. तेव्हा आपल्याकडे जे करतात ते केलं, ग्रामदेवतेला कौल लावला. मूर्तीला फुलांचे ओले कळे चिकटवायचे, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सकिनाही हजर होती, "देव गावाचो, माझा घर गावाभायर आसा काय?" म्हणाली म्हणे. (इथे 'म्हणे' चालतं.) सगळे ताटकळले. एकही कळा पडला नाही.

"देव बोलाना," सत्यवान म्हणाला. "तितक्यात आयकलंव, पुण्याक कोशात मास्तरांचा येतला. तेवा ठरला, कोश सांगात ता खरा. कोशान लिवला मास्तरान फसयल्यान, तर वाटो बंद तो बंद. लिवला नाय फसयल्यान, तर दुसऱ्या दिसाक सकिनाचा नाव घेवचा."

"अहो, कोश म्हणजे देव नव्हे!"

"देवाक इचारून झाला मा?"

"आणि सकिनाबाय तयार?"

"तिनाच सुचयल्यान."

३० नोव्हेंबर

मी निवाडा द्यायचा नाही, ही तेजस्वीबाईंची अट. मी निवाडा द्यायचा, ही सुरूवाडीची अपेक्षा. राज्यशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. मालवणीत ठाऊक आहे, पण मथुरा ही वही वाचते.

३ डिसेंबर, बुधवार

झोप नीट नाही. सकाळी कुडाळच्या बाजारात काही कारण नसताना जाऊन आलो, तिथून नारळ घेऊन आलो, घरात नारळ होतेच.

सोपा मार्ग दिसतो. 'फसवलं नाही' असं एक वाक्य. सकिनाला वाटा. मी थोर. पण ते खरं आहे का? मास्तरांच्या ग्रंथात एक तळटीप सापडली. जाळं ज्याचं, त्याला जादा वाटे, हे मास्तरांनी तिथे बारीक टाइपात उरकून टाकलं आहे. सगळे हात सारखे म्हणणाऱ्या माणसानं सगळ्यांत मोठा हात तळटीपेत ठेवला. मग समितीपुढे यांत्रिक बोटीचा मालक आला तेव्हाही त्यांना खलाशाचा हात दिसला, मालकाचा दिसला नाही. हे टीकाकारांचं म्हणणं माझ्या मते बरोबर आहे.

आणि उलट बाजूही खरी. त्यांनी बोटवाल्यांकडून एक कप चहा घेतल्याचा पुरावा वैऱ्यांनाही देता आलेला नाही. चूक केली ती स्वतःच्या विचाराला धरून राहिल्यामुळे. अशा माणसाला फितूर म्हणायचं?

माझ्या शेवटच्या पानासाठी या दोनांपैकी एकच पुरे झालं असतं. आठवड्याची सोय. दोन्ही लिहायची म्हटल्यावर हात चालत नाही.

६ डिसेंबर

सकिनाबायकडे पुन्हा. तिनं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण वाढलं, माझ्या पायांची चुळबुळ बघून म्हणाली, "तुमका काय इंगळी चावली काय? बसा मा स्वस्थ."

मी म्हटलं, दोन्ही बाजू लिहिणार. मतभेद आहेत, एवढंच म्हणता येईल.

"म्हणजे कळो पडूचो नाय."

"नाही पडणार, सकिनाबाय."

तिनं ताटातले रिकामे शिंपले गोळा केले. रागावली असं वाटलं नाही. म्हणाली, "बरा. मगे आणखी एक सांगतंय. ह्या तर अजिबात लिवू नकात."

त्या दिवशी रिकामी टोपली घेऊन घरी आली, तेव्हा मास्तर ओसरीवर वाचत होते. तिनं सांगितलं, दोरी ओढली नि वाटा दिला नाही. मास्तरांनी चष्मा काढला. खूप वेळ विचार केला. म्हणाले, "मगे माझ्या पुस्तकात चूक आसा."

"एवढंच?"

"इतक्याच. आतमदी गेले, पुस्तक काढल्यानी नि पेन्सिलीन समासात कायतरी लिवल्यानी. सत्यवानाक जावन इचारूक नाय. माका पाणी घे म्हणूक नाय. त्यांका पुस्तकातली चूक दिसली. मी रिकामी टोपली घेऊन इल्लंय ता दिसूक नाय."

मग ती उठून गिऱ्हाइकांच्या खोलीतल्या चादरी बदलायला गेली. मी हात धुतले आणि गाडी काढली.

७ डिसेंबर

मथुरेला सगळं सांगितलं. म्हणाली, "ती तुमका दर वेळी लिवू नकात म्हणता नि दर वेळी आणखी जास्ती सांगता?"

"विश्वास आहे तिचा माझ्यावर."

मथुरा हसायला लागली. कशाला ते विचारलं तर सांगेना, भात उतरायला गेली. या बाईला गांभीर्य म्हणून नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मनाशी भांडून ठरवलं. समितीचा परिणाम काय झाला हे नोंदीत हवंच. परवाने किती निघाले, मासळी किती घटली, यावर आकड्यांची दंगल आहे. कुणाचेच आकडे कुणाला मान्य नाहीत. ज्याबद्दल दोन्ही बाजूंचं दुमत नाही असा परिणाम एकच सापडतो. तोच लिहिला:

'समितीच्या अहवालानंतर सुरूवाडीच्या रापणीने दाऊद यांच्या कुटुंबाचा वाटा बंद केला. त्यांच्या कन्येने दोरी ओढूनही तिला वाटा मिळाला नाही. दोरीला लागलेला हात वाट्यास पात्र ठरतो, हा दाऊद यांचा मूळ सिद्धांत येथे लागू पडला नाही.'

विशेषण नाही. 'म्हणे' नाही. निवाडा नाही. लिहून झाल्यावर घरातल्या घरात इतका फिरलो की मथुरेनं पंखा बंद केला, म्हणाली तुमचाच वारा पुरे.

शब्द मोडला आहे. सकिनाबायला तोंड कसं दाखवू?

११ डिसेंबर

तेजस्वीबाईंना वाक्यं आवडली. पण, "सर, आधार काय? मुलगी सांगते, ती एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूनं मान्य केल्याशिवाय नाही छापता येणार."

१३ डिसेंबर, शनिवार

सत्यवानला वाळूवर गाठलं आणि तिन्ही वाक्यं वाचून दाखवली. तो दगड फेकेल म्हणून मी अंतर ठेवून उभा होतो. तो शांत ऐकत होता, हातात तुटलेल्या जाळ्याची सुई.

"हे खरं आहे की नाही, तेवढं सांगा."

"खरा आसा." सुई चालवत, "मीच नावां हाकारतंय. मीच घेतलंय नाय तिचा."

"मग छापू?"

"वाचतलो कोण ह्या?"

"अहो, चार मुलं वाचतील परीक्षेपुरतं."

"खंयची मुलां?"

"कुठलीही. नागपूरची, लातूरची."

त्याची सुई थांबली. "म्हणजे लातुरात कोणीतरी वाचतलो, सुरूवाडीच्या रापणीन दोरी वढलेल्या बायेक रिकामा धाडल्यान."

"हो."

"फसयल्यान काय नाय, ता खंय आसा?"

"ते नाही. त्यावर मतभेद आहेत, असं आहे."

"मास्तराबद्दल मतभेद. नि आमच्याबद्दल मतभेद नाय." तो उठला, गुडघे धरून. "आमी तुका मास्तराबद्दल इचारल्लंव रे. तू आमचाच काढलंस."

"काढून टाकू का?"

मला वाटलं तो हो म्हणेल. म्हणाला, "खोटा आसता तर काढ म्हणलो आसतंय," आणि पाठ फिरवून होडीकडे गेला. मी काय केलं हे मला नीट कळत नाही. कुणाच्या बाजूनं लिहिलं नाही आणि सगळ्यांना लागलं.

१४ डिसेंबर

सकिनाबायला जाऊन सांगून टाकलं. तुम्ही लिहू नका म्हणालात ते लिहिलं. सगळं नाही, मास्तरांच्या चष्म्याचं, पेन्सिलीचं नाही लिहिलं. पण वाट्याचं लिहिलं. तिनं नोंद वाचली, दोनदा. सिद्धांत लागू पडला नाही, त्या वाक्यावर बोट ठेवून बसली.

"माफ करा," मी म्हटलं.

"कित्याक?"

"लिहू नका म्हणाला होतात."

"म्हणाल्लंय खरी," ती म्हणाली आणि कागद नीट दुमडून मला परत दिला. "दोनदा म्हणाल्लंय. तिसऱ्यांदा सांगूची पाळी इली आसती तर कंटाळलंय आसतंय." आणि जेवून जा म्हणाली.

मनाचा मोठेपणा याला म्हणतात. मी घरी येऊन मथुरेला तसं सांगितलं. ती परत हसली.

१८ डिसेंबर

सुरूवाडीत रोज बैठका चालू आहेत असं कळतं. कौल नाही, कोश नाही, नुसतं भांडण. मी तिकडे फिरकलो नाही. नोंद तेजस्वीबाईंकडे अंतिम म्हणून गेली. साप्ताहिकासाठी लेख लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत विशेषण आलं आणि मी ते खोडलं. बिघडलो आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी सत्यवानचा फोन. "छापून झाला काय?"

"अजून नाही. महिनाभर लागेल."

"मगे 'वाटा बंद केला' हेच्याफुडे जागा रवता काय बघ. नि आजच्या दिसाक हय ये. मागे म्हणशीत, आधार नाय."

गाडी काढली. पोचलो तेव्हा जाळं किनाऱ्याला लागलं होतं. बांगडे, थोडे तारले, बरीच कचऱ्याची मासळी. वाटे मांडले. सत्यवान उभा राहून घरांची नावं घेऊ लागला, खणखणीत, देवळात गाऱ्हाणं घालतात तसा. माणसं पुढे येऊन आपला ढीग टोपलीत भरत होती. सगळ्यांची नावं संपली. एक वाटा वाळूवर उरला.

"सकिनाऽऽ! दाऊद मास्तराचा घर!"

ओसरीवर ती दिसत होती. हलली नाही. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही की काय. मी तिकडे पाऊल टाकलं तर सत्यवाननं हातानं थांबवलं. पुन्हा हाक मारली. तिनं टोपली उचलली, दार ओढून घेतलं, घाई न करता वाळूवर आली. ती वाट्याकडे बघत उभी राहिली. मी डोळे पुसायच्या तयारीत होतो.

"ह्यो वाटो?" ती म्हणाली. "मांजराक घातलास काय?"

सत्यवान चमकला. "सगळ्यांक तेवढोच आसा."

"खोटा नको बोलू, रे सत्यवाना. तुझ्या टोपलेत तळाक सरंगो आसा. शेपटी दिसता माका हयसून."

"तो जाळ्याचो वाटो आसा! जाळा माझा!"

"जाळा तुझा, आणि दर्यो पण तुझोच काय? अब्बान ह्या तळाक लिवल्यानी, मी मोठ्यान बोलतंय. काढ सरंगो."

"गो, पयल्याच दिसाक भांडतंस?"

"मगे कितव्या दिसाक भांडू?"

बायका पुढे झाल्या. कुणी म्हणालं सकिना बोलता ता खरा, जाळ्याचे वाटे जास्तीच जातत. कुणी म्हणालं जाळं फाटलं की शिवायला कोण येतं. चार जण एकदम बोलायला लागले, सरंगा, म्हणजे भारी पापलेट, टोपलीतून निघाला, परत आत गेला, परत निघाला. मी थोडा वेळ वाट बघितली की कुणीतरी हे थांबवेल, निदान आजच्या दिवसापुरतं. कुणी थांबवलं नाही. सकिनाबायनं पदर खोचला होता आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

गाडीपाशी येऊन तेजस्वीबाईंना फोन लावला. म्हटलं, एक वाक्य वाढवायचं आहे, वाटा पूर्ववत झाला. त्या म्हणाल्या, "छान, सर. दोन्ही बाजूंना मान्य आहे ना?"

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, "वाटा मान्य आहे. बाकी सगळ्यावर दुमत आहे."